बूट घेतले, गाव सोडलं!

मुलांनो, हॉटेलात हात पुसायला कागदी रुमाल देतात, त्याचं आपण काय करतो? चुरगळतो आणि टाकून देतो. पण स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १४ डिसेंबर २००० रोजी अशाच एका रुमालावर पेनाने चार ओळी लिहिल्या गेल्या. तो रुमाल २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात विकला गेला. किंमत किती माहीत आहे? साडेसात लाख पौंडांच्या वर, म्हणजे आपले जवळजवळ आठ कोटी रुपये!

असं काय होतं त्यावर? बार्सिलोना फुटबॉल क्लबचे कार्लेस रेशाक यांनी लिहून दिलं होतं, की लिओनेल मेस्सी या मुलाला क्लब घेणार. मेस्सी तेव्हा १३ वर्षांचा होता. म्हणजे आपल्याकडच्या आठवीतल्या मुलाएवढा. त्याचं गाव रोझारियो, तिकडे समुद्रापल्याड अर्जेंटिनात. शरीरात वाढीचं एक द्रव्य कमी असल्यामुळे त्याची उंची वाढत नव्हती. रोजच्या इंजेक्शनांचा खर्च घरच्यांना झेपेना. बार्सिलोनाने तो खर्च उचलायची तयारी दाखवली आणि मेस्सीने गाव सोडलं.

पुढची गोष्ट तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. पण मधली गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. काही महिन्यांनी आई आणि भावंडं रोझारियोला परत गेली. परक्या देशात उरले मेस्सी आणि त्याचे वडील. कागदपत्रांचा घोळ होता, त्यामुळे सुरुवातीला कितीतरी सामने त्याला खेळताच येत नव्हते. बूट घालून मैदानाबाहेर बसायचं आणि घरची आठवण काढायची! कल्पना करून बघा.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या लांबून लहान मुलं आणायचा उद्योग क्लब करतात तरी कशाला? हिशोब सोपा आहे. तयार खेळाडू विकत घ्यायला कोट्यवधी मोजावे लागतात. तोच लहानपणी आणून घडवला तर स्वस्त पडतो. शिवाय तो क्लबच्या पद्धतीने खेळायला शिकतो. बार्सिलोनाने १७०२ साली बांधलेलं एक जुनं शेतघर १९७९ पासून अशा मुलांचं वसतिगृह केलं. त्याचं नाव ‘ला मासिया’. २०११ मध्ये मुलं नव्या इमारतीत राहायला गेली, पण नाव तेच राहिलं.

आपले शेतकरी म्हणतात, आंब्याची पेटी विकत घेण्यापेक्षा कलम लावलेलं बरं. खरं आहे. पण दहा कलमं लावली तर दहाही धरतात का? नाही. मोठ्या क्लबच्या अकादमीत शिरलेल्या मुलांपैकी फार थोडी पहिल्या संघापर्यंत पोचतात. आणि मूल म्हणजे काही कलम नव्हे. ते वाळलं म्हणून उपटून टाकता येत नाही. ‘तू आता नको’ असं ज्याला सांगितलं, त्या मुलाने काय करायचं? भाषा परकी, शाळा सुटलेली, घर हजारो किलोमीटर दूर!

असे हाल अनेक मुलांचे झाले. विशेषतः आफ्रिकेतल्या गरीब गावांतून मुलांना ‘युरोपात खेळवतो’ म्हणून नेलं, घरच्यांकडून पैसे उकळले आणि परक्या शहरात सोडून दिलं. म्हणून जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, नियम घट्ट केले. मुख्य नियम असा: १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबने घ्यायचं नाही. याला थोडे अपवाद आहेत. आईवडील दुसऱ्याच कामासाठी त्या देशात राहायला गेले असतील तर चालतं. घर आणि क्लब सरहद्दीच्या अगदी जवळ असतील तर चालतं. युरोपीय संघातल्या देशांत आपापसांत १६ वर्षांनंतर जाता येतं, पण तेव्हा क्लबला चार गोष्टींची हमी द्यावी लागते: चांगलं प्रशिक्षण, शाळेचं किंवा एखाद्या कामाचं शिक्षण, राहायची उत्तम सोय आणि मुलाची काळजी घेणारं एक मोठं माणूस.

नियम मोडला तर? २०१४ मध्ये फिफाने खुद्द बार्सिलोनालाच शिक्षा केली. खेळाडू खरेदीच्या सलग दोन मुदतींत नवीन खेळाडू घ्यायला बंदी! पुढे माद्रिदच्या दोन मोठ्या क्लबांना आणि २०१९ मध्ये इंग्लंडच्या चेल्सीलाही तसाच दणका बसला.

पण शिक्षा क्लबला झाली तरी चटका मुलांनाही बसतो. ताकेफुसा कुबो हा जपानी मुलगा दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत आला होता. नियमामुळे त्याला सामने खेळता येईनात. २०१५ मध्ये तो जपानला परतला. रडत बसला का? छे! तिथे खेळत राहिला, मोठा झाला आणि १८ पूर्ण झाल्याबरोबर, २०१९ मध्ये, रेआल माद्रिदने त्याला बोलावलं. चार वर्षं घरी राहिल्याने त्याचं काही बुडालं नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय मुलाला परदेशी क्लबात जाणं आणखी अवघड आहे. २००९ मध्ये सुनील छेत्रीला लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने घ्यायचं ठरवलं. पण जागतिक क्रमवारीत भारत पहिल्या सत्तरात नव्हता, म्हणून इंग्लंडने त्याला काम करायचा परवानाच दिला नाही. आणि २०२१ पासून तर इंग्लंडच्या क्लबांना १८ वर्षांखालचा परदेशी खेळाडू घेताच येत नाही.

मग आपल्या भागातलं कुणी गेलंच नाही का? गेलं ना! सांगलीच्या शेजारी कोल्हापूर. तिथे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात आणि अख्खं शहर बघायला लोटतं. त्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक. अनिकेत लहानपणीच पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत राहायला गेला. शाळा आणि सराव दोन्ही तिथेच. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा तो भारताच्या संघात होता. आणि २०१९ मध्ये तो सरावासाठी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात तीन महिने राहून आला. हा क्लब पुण्याच्या वेंकीज कंपनीने २०१० मध्ये विकत घेतलेला आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? अनिकेतचा रस्ता पाहा: आधी पुणे, मग भारताचा संघ, मग इंग्लंड. एकेक पायरी.

घर सोडून शिकायला जाणं आपल्याला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. खेड्यापाड्यांतली, सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहिली. मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आजही साताऱ्यात मुलं बाहेरून येतात. ओजस देवतळे नागपूरहून तिरंदाजी शिकायला साताऱ्याला आला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला तो आणि साताऱ्याची १७ वर्षांची आदिती स्वामी, दोघेही एकाच दिवशी जगज्जेते झाले! म्हणजे गाव सोडणं वाईट नाही. कुणाच्या भरवशावर सोडतो, ते महत्त्वाचं.

हे मी का लिहितोय, तेही सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील मध्यंतरी शाळेत आले. पोरगा १२ वर्षांचा, चेंडू पायाला चिकटल्यासारखा खेळतो. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की युरोपातल्या क्लबात निवड झाली, नोंदणीचे दोन लाख भरा. “गुरुजी, पाठवू का हो? पाच गुंठे विकले की भागतंय,” ते म्हणाले. मी म्हटलं, “दादा, १२ वर्षांच्या मुलाला नियमाने घेताच येत नाही, मग निवड झाली कशी? क्लबचं पत्र कुठाय? आणि ज्याला पोरगा खरंच हवाय, तो उलट तुमच्याकडे पैसे कशाला मागेल?” त्यांनी त्या माणसाला हेच तीन प्रश्न विचारले. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. जमीन जागेवर आहे, पोरगाही मैदानावर आहे.

पालकांनो, एक ध्यानात ठेवा. परदेशी क्लबचं नाव लावून आपल्या शहरांत फी घेऊन शिकवणारे वर्गही असतात. तिथे शिकायला हरकत नाही, पण फी भरली म्हणजे त्या क्लबात निवड झाली असं नव्हे. अकादमी साताऱ्याची असो की स्पेनची, फिफाच्या त्या चार गोष्टी विचाराच: शिकवतं कोण, शाळेचं काय, राहायचं कुठे, आजारी पडला तर जवळ कोण? आणि मुलाची नोंदणी, जन्मदाखला नीट जपा. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला जातो, तेव्हा त्या रकमेतला ५ टक्के वाटा १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. उद्या आपल्या गावाच्या क्लबलाही तो मिळू शकेल, पण कागद हवा!

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक सोपी वजाबाकी. १८ मधून आपलं वय वजा करा. जी वर्षं उरतील ती फुकट जाणार नाहीत. ती सराव करायला, शाळा शिकायला आणि आईच्या हातची भाकरी खायला आहेत.