दोष दर वेळी लाइटचा नसतो

पावसाळ्यात आमच्या आहुपे गावात ढग दारातून थेट घरात शिरतात आणि लाइट कधीही जाते. त्यामुळे भाच्याचा नवाकोरा गेमिंग पीसी दिवसातून चार-पाच वेळा बंद पडू लागला, तेव्हा घरात निकाल आधीच लागलेला होता. "मामा, लाइटचं काही खरं नाही आपल्याकडं."

मी एवढंच विचारलं, पीसी बंद पडतो तेव्हा बल्ब लुकलुकतो का? नाही. निळा स्क्रीन येतो? कधी येतो, कधी नुसता गेम बंद होतो. झालं, लाइट निर्दोष सुटली. वीज तुटली तर पीसी क्षणात गप्प होतो. निळा स्क्रीन (नव्या विंडोज ११ मध्ये तो आता काळा झालाय) दाखवायला त्याला वेळच मिळत नाही.

लाइटबद्दलचा दुसरा गैरसमज असा की स्टॅबिलायझर लावला की भागतं. चांगल्या एसएमपीएसला (म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायला) १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालतं, त्यामुळे नुसतं व्होल्टेज कमी झालं म्हणून तो सहसा अडत नाही. त्याला मारते ती विजेची क्षणभराची झपकी. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं; पूर्ण भारावर एसएमपीएस जेमतेम तेवढाच वेळ तग धरतो. ही फट स्टॅबिलायझर भरू शकत नाही. तिथे यूपीएसच लागतो. घरचा इन्व्हर्टर वापरायचा तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस'वर आहे का, ते आधी बघा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक एसएमपीएस बदलायला धावतात. नावात पॉवर आहे ना! प्रत्यक्षात ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. का, ते ती सहसा सांगत नाही.

'नवीन आहे, खराब कसा असेल?' हा तर सगळ्यांचा लाडका प्रश्न. इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडण्याचं प्रमाण सुरुवातीच्या दिवसांत जास्त असतं, मग बरीच वर्षं कमी राहतं. शिवाय हा पीसी पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभे करत घाटरस्त्याचे हादरे खात आलेला. झाकण उघडलं तर एका रॅमची खिटी अर्धवट उघडी. ती दाबून बसवली, 'टक्' असा आवाज आला, आणि भाचा खूश. संध्याकाळी पुन्हा निळा स्क्रीन.

आता भाच्याचा संशय ग्राफिक्स कार्डावर. सगळ्यात महाग तेच, म्हणून गुन्हेगारही तेच, असा हिशोब. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांनी हा हिशोब चांगलाच चुकवला होता. गेम 'व्हिडिओ मेमरी अपुरी' म्हणत बंद पडायचे, लोक कार्डाला शिव्या द्यायचे, आणि दोष होता प्रोसेसरला जादा व्होल्टेज मिळण्यात. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड दिला, बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही. असा प्रोसेसर असेल तर तो मायक्रोकोड मिळवायला बायॉस अपडेट करा, फक्त पावसाळी संध्याकाळी नको. मध्येच लाइट गेली तर मदरबोर्डच हातचा जायचा.

भाच्याचा प्रोसेसर वेगळा होता. मग पुढचा संशय रॅमवर. खोक्यावर ६०००चा वेग छापलेला. पण डीडीआर५ रॅम मुळात बहुधा ४८००वरच चालू होते आणि पुढचा वेग बायॉसमध्ये 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' चालू केल्यावर मिळतो. तो ओव्हरक्लॉकच. प्रत्येक प्रोसेसर-मदरबोर्डाच्या जोडीला तो झेपेलच असं नाही. पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला. त्याला विंडोज लागत नाही. दहा मिनिटांत लाल ओळी. इथे एक चूकसुद्धा जास्तच. एक्सएमपी बंद करून रात्रभर पुन्हा लावला: शून्य.

दुकानदाराने फोनवर विंडोज पुन्हा टाकायला सांगितलं होतं. ते टाकून काहीच झालं नसतं, कारण मेमटेस्ट विंडोजच्या बाहेर चालतो आणि चुका तिथेही दिसल्या होत्या.

मग रॅमचा वेग ५६००वर ठेवून पुन्हा रात्रभर चाचणी केली, तेही शून्य. आठवडा झाला, पीसी एकदाच बंद पडला. त्या वेळी बल्बही गेला होता.