खामगाव : रुईच्या गावातली पाण्याची धार

अकोल्याहून भुसावळकडे जाताना शेगावनंतर जलंब लागतं. तिथून जेमतेम 13 किलोमीटरचा एक फाटा खामगावला जातो. एवढ्याशा अंतरासाठी इंग्रजांनी रूळ टाकले ते माणसांच्या सोयीसाठी कमी आणि कापसासाठी जास्त. अमेरिकेतल्या यादवी युद्धात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला, वऱ्हाडाचा भाव वधारला आणि 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हा मार्ग सुरू करायला इथे आले. आज बुलढाणा जिल्ह्यातलं हे शहर चांदीमुळे 'रजतनगरी' म्हणून मिरवतं. पण त्याला मोठं केलं ते कापसाने.

कापसाच्या गावाला आगीचा धाक जन्मजात. हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात, सरकी वेगळी करणारे रेचे फिरू लागतात, हवेत तंतू तरंगतात. कापसाबरोबर एखादा खडा किंवा खिळा रेच्यात गेला की ठिणगी उडते. ती दिसली तर बरंच. न दिसता रुईसोबत प्रेसमध्ये गेली की खरी पंचाईत. 170 किलोची दाबून बांधलेली गाठ वरून ठणठणीत दिसते आणि आत धुमसत राहते. कधी काही दिवसांनी गोदामात पेट घेते, कधी वाटेत ट्रकमध्ये. म्हणून संशय आलेली गाठ आधी बाकीच्या गाठींपासून दूर, उघड्यावर काढायची असते.

पाणी मारलं की आग विझते, हा आपला सरळ हिशेब इथे फसतो. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. पाणी आत मुरायच्या आधीच ओघळून जातं. त्यात जोराची सरळ धार सुट्या रुईच्या गंजीवर सोडली तर जळते पुंजके उडून शेजारच्या गंजीवर पडतात. विझवणाराच आग वाटत सुटतो!

इथे नळीच्या तोंडाला किंमत येते. अग्निशमन दलाचे जवान त्याला 'ब्रँच' म्हणतात, बाकीचे नोझल. नव्या नोझलची कडी फिरवली की तीच धार आधी फवारा होते, मग दाट धुकं. थेंब जितका बारीक तितका तो लवकर उष्णता शोषतो. 1 लिटर पाण्याची सुमारे 1,700 लिटर वाफ होते. पाण्यात साबणासारखं द्रावण मिसळलं तर ते मेणाला न जुमानता आत शिरतं. गाठींसाठी टोकदार नोझलही मिळतो. पोलादी नळी गाठीत ठोकायची, म्हणजे तिच्या छिद्रांतून पाणी थेट निखाऱ्यापर्यंत जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात थोड्या पाण्यात आग विझवण्याचा हा हिशेब महत्त्वाचा आहे. साडेचार हजार लिटरचा बंब मिनिटाला 450 लिटर सोडू लागला तर 10 मिनिटांत रिकामा.

नुसतं पाणी ओतून भागत नाही, याची सर्वांत भीषण साक्ष मुंबईची आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजात आग लागली. पोटात कराचीहून आलेल्या कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं. 900 टनांहून अधिक पाणी ओतलं, तरी धुमसणारी नेमकी जागा सापडली नाही. स्फोटांत अग्निशमन दलाचे 66 जण गेले. त्यांच्याच स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

मग पहिली धार मारायची कोणी? जर्मनीत, अमेरिकेत लहान गावांची अग्निशमन दलं बहुतांशी स्वयंसेवकांवर चालतात. आपल्याकडे बंब नगरपालिकेचा. पण तो पोहोचेपर्यंतची पहिली काही मिनिटं हमाल, रेच्यावरची माणसं आणि ट्रकचालक यांच्याच हातात असतात. पगार रुई उचलण्याचा, काम आग विझवण्याचं. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने मालकाला यंत्रणा बसवून चालू ठेवायला भाग पाडलं आहे. मात्र भिंतीवरच्या पेटीतल्या नोझलची कडी कुठल्या बाजूला फिरवली की धुकं होतं, हे त्या हमालाला आधी कोणी दाखवलेलं असायला हवं. सप्ताहाची प्रात्यक्षिकं एप्रिलात होतात, तेव्हा कापसाचा हंगाम उतरणीला लागलेला असतो. खामगावासारख्या ठिकाणी ती दसऱ्याआधी, पहिली गंजी लागण्यापूर्वी व्हायला हवीत, आणि नळी हमालांच्याच हातात द्यायला हवी.