आकड्यांची वही कोणाच्या हाती?

आपल्या बेटावर आज असा नोकरदार विरळा, ज्याच्या हातून दिवसभरात आकडे जात नाहीत. एबेनच्या कचेरीत फोन घेणारी मुलगी प्रत्येक फोनला किती मिनिटे लागली ते नोंदवते. हॉटेलच्या भांडारातला मुलगा किती मासे आले, किती वाया गेले ते लिहितो. शिलाईच्या कारखान्यात नापास झालेल्या कपड्यांची मोजदाद होते. संध्याकाळी हे सारे वरच्या मजल्यावर जाते, आणि तेथून खाली परत येते ते बहुधा दरडावणेच: अमुक पाळीत काम कमी झाले, अमुक मशीनवर चुका जास्त. आकडे ज्याने लिहिले, त्याला ते वाचायला कोणी शिकवलेले नसते.

अलीकडे मोठ्या कंपन्यांतून ‘डेटा’चे शिक्षण हा परवलीचा शब्द झाला आहे. दोन दिवस एखाद्या सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवायची, जेवण द्यायचे, शेवटी प्रमाणपत्र द्यायचे. सोमवारी माणूस कामावर येतो तेव्हा त्याची वही जुनीच, आणि ती घेऊन जाणारा साहेबही जुनाच. आमच्या मते याला शिक्षण म्हणणे जड जाते. खरे शिक्षण कसे झाले हे पाहायचे तर जपानकडे पाहावे लागते.

महायुद्धात होरपळलेल्या जपानचा माल त्या काळी स्वस्त आणि तकलादू म्हणून ओळखला जाई. १९५० साली तेथील शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघाने डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांना व्याख्यानांसाठी बोलावले. हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. पुढचा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो, कारण नुसत्या अभियंत्यांना शिकवून भागत नाही हे त्या लोकांनी लवकर ओळखले. १९५६ साली त्यांनी फोरमन मंडळींसाठी रेडिओवर पाठ सुरू केले. १९६० साली फोरमनसाठीच पुस्तक निघाले. १९६२ साली एक मासिक निघाले आणि त्याची किंमत मुद्दाम कमी ठेवण्यात आली, म्हणजे कामगाराला ते स्वतःच्या खिशातून घेता यावे. या साऱ्यामागे प्राध्यापक काओरू इशिकावा यांचा मोठा हात होता.

पण मासिक काढले म्हणून लोक वाचतात असे थोडेच आहे! (वर्तमानपत्रवाल्यांना हे सांगायला नको.) म्हणून एकाच खात्यातल्या माणसांनी गट करून ते एकत्र वाचावे, आणि वाचलेले आपल्याच कामावर लगेच लावून पाहावे, असे ठरले. हीच ती क्वालिटी सर्कल. वाचनमंडळातून तिचा जन्म झाला, हे पुढे तिचे अनुकरण करणारे बहुतेक विसरले. पश्चिमेकडे १९८० च्या सुमारास या मंडळांची लाट आली आणि पुष्कळ ठिकाणी थोड्याच वर्षांत ओसरली. वरून हुकूम काढून मंडळे उभी केली, पण त्यांचे म्हणणे ऐकायला वर कोणी नव्हते.

हे गट शिकले ती साधने अगदी साधी. समजा, शिलाईच्या एका ओळीत आठवड्याला शंभर शर्ट नापास होतात. पहिली गोष्ट, कागदावर दोषांची नावे लिहून प्रत्येक दोषापुढे पाच-पाचच्या रेघा ओढायच्या. शनिवारी दिसते की शंभरातले पंचेचाळीस कॉलरचे, पंचवीस बाहीच्या शिवणीचे, उरलेले किरकोळ. म्हणजे सगळीकडे धावण्यापेक्षा आधी कॉलरकडे पाहावे. मग त्याच पंचेचाळिसांची फोड करायची: कोणते मशीन, कोणती पाळी, कोणत्या गठ्ठ्यातले कापड. फोड केल्यावर कदाचित दिसेल की दोन्ही पाळ्यांत, सर्व मशीनवर दोष सारखाच आहे, पण एका गठ्ठ्याच्या कापडात तो दुप्पट आहे. इतके दिवस बोलणी खाल्ली शिवणाऱ्या बायकांनी, आणि दोष होता कापडाचा. हे शोधायला संगणकही लागत नाही. संगणक असला तर काम लवकर होते, पण प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

याहून अवघड धडा चढउताराचा. डेमिंग आपल्या शिबिरांत एक खेळ करून दाखवीत. पेटीत पांढरे आणि लाल मणी मिसळलेले, पाचात एक लाल. पन्नास खळग्यांची एक पट्टी. शिबिरातल्याच काही जणांना ‘कामगार’ करायचे. प्रत्येकाने न पाहता पट्टी पेटीत बुडवून पन्नास मणी काढायचे. लाल मणी म्हणजे नापास माल. कोणाचे सहा लाल येतात, कोणाचे चौदा. फोरमन झालेले डेमिंग सहावाल्याची पाठ थोपटत, चौदावाल्याला झापत. दुसऱ्या दिवशी शाबासकी मिळालेल्याचेच बारा येत. लोक हसत, आणि हसता हसता उमगे की पाचात एक मणी लालच असेल तर पन्नासात सरासरी दहाच्या आसपास लाल येणारच, मग हात कोणाचाही असो. लाल मणी कमी करायचे तर पेटीत काय भरले जाते ते बदलले पाहिजे, आणि ते कामगाराच्या हातात नसते. नेहमीचा चढउतार कोणता आणि खरोखर काही बिघडल्याची खूण कोणती, हे ओळखण्याचा तक्ता वॉल्टर शूहार्ट यांनी अमेरिकेत १९२४ सालीच तयार केला होता. आमच्या मते हा तक्ता कामगाराआधी सुपरवायझरला शिकवावा.

आम्ही याला एवढे महत्त्व देतो याचे कारण आपल्या घराण्यांत आहे. कोकणातून आणि देशावरून मुंबई बंदराने आलेले आपले पणजोबा-खापरपणजोबा उसाच्या इस्टेटीवर राबले, तेव्हा त्यांच्या हजेरीची वही दुसऱ्याच्या हाती होती. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची चाल होती. ‘डबल कट’ हा शब्द या बेटाचा इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पुष्कळांना ती वही वाचताही येत नव्हती, मग भांडणार कशाच्या आधारावर? आज त्यांची पणतवंडे पदवीधर आहेत. पण पडद्यावर आपल्या नावापुढे आलेला आकडा कसा काढला हे विचारता येत नसेल, तर वहीची गोष्ट अजून पुरती संपलेली नाही.

आकडे न समजण्याची किंमत मोठी असते. २००४ च्या अखेरीस जागतिक कापड-कोटा पद्धत संपली, त्या सुमारास आपल्याकडचे किती कारखाने बंद पडले आणि किती घरांतल्या आया-बहिणी कामाविना राहिल्या, हे वाचकांना आठवत असेल. साखरेचा युरोपातला हमीभाव २००९ पर्यंत छत्तीस टक्क्यांनी उतरला. नुसत्या शिक्षणाने हे टळले असते असे आम्ही म्हणत नाही. पण त्या वेळी चाळिशीच्या बाईच्या हाती शिवणाखेरीज दुसरे कौशल्य नव्हते, आणि वीस वर्षे ज्या खात्यात काढली त्या खात्याचा हिशेब वाचायला तिला कोणी बसवले नव्हते.

शिकवण्यासाठी पैशाची सोय आपल्या देशात आहे. २००३ च्या कायद्याने मानव संसाधन विकास परिषद उभी राहिली. मालक वेतनावर ठराविक आकार भरतात आणि मान्य प्रशिक्षणाच्या खर्चाचा काही भाग त्यांना परत मागता येतो. तेव्हा तुमच्या खात्यात असे शिक्षण निघाले तर तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात असे आम्ही सुचवतो. ते कामाच्या वेळेत आहे की सुटीच्या दिवशी? आकडे आपल्याच खात्याचे आहेत की पुस्तकातले? गटाने दोष शोधून काढला तर तो ऐकणारा माणूस कोण? ग्राहकांची नावे-पत्ते असलेली कागदपत्रे मात्र सरावासाठी वापरू देऊ नयेत. २०१७ च्या माहिती-संरक्षण कायद्याची ती बाब आहे.

आणखी एक, भाषेची. जपानी फोरमनला रेडिओवरचे पाठ त्याच्याच भाषेत मिळाले. आपल्याकडे पुस्तिका इंग्रजीत, साहेब फ्रेंचमध्ये बोलणार, आणि मशीनपाशी सारे क्रिओलमध्ये चालणार. आपल्या तरुण मंडळींपैकी ज्यांना हा विषय येतो त्यांनी दुपारच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरल्या बाईला रेघांचा तक्ता क्रिओलमध्ये समजावून सांगितला, तर अर्धा तास पुरतो.