दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना विकताना

नोकरदाराला निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असते. खासगी दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्याची तारीख मात्र पुष्कळदा त्याची मान आणि पाठच ठरवतात. वर्षानुवर्षे वाकून काम केल्याने मणक्याचे दुखणे मागे लागते, हाताची पकड ढिली पडते. पेन्शन नाही म्हणून तो दुखणे अंगावर काढतो. मग घाईने विक्री झाली तर पदरात फारसे पडत नाही. म्हणून तयारी निदान पाच वर्षे आधी सुरू करावी.

दवाखान्यात विकण्यासारख्या तीन गोष्टी असतात : जागा, यंत्रे आणि लौकिक. जागेला बाजारभाव मिळतो. खुर्ची व एक्स-रे यंत्राची किंमत वर्षागणिक घटते. लौकिक मात्र डॉक्टरच्या नावाला चिकटलेला असतो. दवाखान्याला सहा महिने कुलूप लागले, की रुग्ण दुसरीकडे जातात आणि घरच्यांच्या हाती जुनी खुर्ची तेवढी उरते. यासाठी दवाखाना घेणाऱ्या तरुण डॉक्टरला आधी वर्षभर सोबत बसवावे. रुग्णांना त्याच्या हाताची सवय होते.

करारात तिन्हींची किंमत वेगवेगळी लिहावी, कारण प्राप्तिकराचा हिशेब प्रत्येकीचा निराळा असतो. स्वतः कमावलेल्या लौकिकाची मूळ किंमत शून्य धरतात. म्हणजे त्यापोटी मिळालेली जवळजवळ सगळी रक्कम नफा ठरते. सही करण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घ्यावा. पैसे हप्त्यांनी येणार असतील तर तारखा आणि तारण कागदावर हवे.

आलेल्या रकमेतून प्रथम कर आणि कर्ज भागवावे. दोन वर्षांचा घरखर्च बँकेत ठेवावा. वयाच्या ६० वर्षांनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात. व्याज दर तिमाहीला मिळते. आरोग्य विमा मात्र प्रकृती धडधाकट असतानाच घ्यावा. आधीपासून असलेल्या आजाराच्या खर्चासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

आणखी एक गोष्ट. दवाखाना विकला तरी जुन्या उपचारांची जबाबदारी विकली जात नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत २ वर्षांची आहे. त्यामुळे व्यावसायिक जबाबदारीचा विमा विक्रीच्या दिवशीच बंद करू नये. रुग्णांची कागदपत्रे किमान ३ वर्षे जपावीत. एक्स-रे यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात देताना अणुऊर्जा नियामक मंडळाकडील नोंदीचे सोपस्कार पुरे करावेत.

वाचकहो, आपले दातांचे डॉक्टर निवृत्त होणार असतील, तर आपला एक्स-रे व उपचारांची नोंद मागून घ्या. रूट कॅनाल अर्धवट असेल किंवा मुलांच्या दातांना तारा बसवलेल्या असतील, तर पुढचे काम कोण करणार आणि आगाऊ भरलेल्या पैशांचे काय, हे लेखी ठरवून घ्या. त्यात संकोच कसला?