बारावीनंतर कॉलेज : रामाकोन्यातले समज आणि वस्तुस्थिती

बारावीचा निकाल लागला की रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात सल्ल्यांना तोटा नसतो. कॉलेजला जावं की नाही, जायचं तर सौंसर, छिंदवाडा की थेट नागपूर, यावर ज्याला विचाराल त्याच्याकडे उत्तर तयार असतं. त्यातली निम्मी उत्तरं ऐकीव असतात, आणि त्यांची किंमत पोरांना वर्षं घालवून मोजावी लागते.

सगळ्यात महाग पडणारा समज असा : ‘आपण मराठी, नागपूर जवळ, तिकडं आपल्याला कोटा मिळेल.’ मिळत नाही. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसरचा भाग मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, हे आपलं तेव्हापासूनचं जगणं. प्रवेशाच्या अर्जावर मात्र घरातली भाषा कामी येत नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत 85 टक्के जागा राज्य कोट्याच्या असतात. त्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते आणि तिथला अधिवासही लागतो. मराठी मातृभाषेची सवलत आहे, पण ती कर्नाटक सीमेवरच्या 865 वादग्रस्त गावांतल्या मुलांसाठी. आपलं एकही गाव त्यात नाही. जातीच्या दाखल्याचंही तसंच. मध्य प्रदेशातल्या दाखल्यावर महाराष्ट्राचं राज्य आरक्षण मिळत नाही, आणि परराज्यात गेलेल्या अनुसूचित जाती-जमातींबाबत हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच स्पष्ट केलं आहे.

याची दुसरी बाजू घरी कुणी सांगत नाही. ज्या राज्याचे आपण मूळ निवासी, तिथे आपल्या हक्काचं बरंच काही आहे. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना 2017 पासून चालू आहे. मध्य प्रदेश बोर्डातून बारावीला 70 टक्के किंवा जास्त गुण असतील आणि घरचं उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर पात्र अभ्यासक्रमाची फी सरकार भरतं. ‘गाँव की बेटी’ योजनेत गावातल्या शाळेतून 60 टक्क्यांनी बारावी झालेल्या मुलीला कॉलेजात दरमहा 500 रुपये, वर्षातले 10 महिने मिळतात. रक्कम लहान आहे, पण रोज बसने सौंसरला जाणाऱ्या मुलीला तिचा आधार होतो. नागपूरच्या खासगी कॉलेजात नाव घातलं की फीचा हा आधार सुटतो. नागपूरला जाऊच नये असं मी म्हणत नाही. तिथल्या भाड्याच्या खोलीचा, मेसचा आणि पूर्ण फीचा हिशेब आधी कागदावर मांडावा, एवढंच.

दुसरा समज थेट उलटा : ‘शिकून कुणाला नोकरी लागली? ग्रॅज्युएट पोरं घरीच बसलीत.’ यात तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या 2024 च्या अहवालानुसार, 2022 मध्ये भारतातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के होती आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. पण यावरून ‘न शिकलेलेच बरे’ असा अर्थ काढणं चुकीचं आहे. ज्याच्या घरात संध्याकाळची चूल त्याच्या मजुरीवर पेटते, त्याला बेरोजगार राहणंच परवडत नाही. तो मिळेल ते काम मिळेल त्या पैशात करतो. पदवीधर वाट पाहतो, म्हणून आकड्यात दिसतो.

खरी चूक होते ती काम ठरवायच्या आधी पदवी धरण्यात. प्राथमिक शिक्षक व्हायचं म्हणून मुली बी.ए. आणि मग बी.एड. करायला निघतात. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. चालणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट 2023 चा निकाल आहे. तिथे बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एल.एड. हा नेहमीचा रस्ता. पटवारी व्हायचं असेल तर मात्र पदवी हवीच. सैन्यात अग्निवीर जनरल ड्युटीसाठी दहावी पुरते. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडसारख्या कारखान्यात यंत्रावर काम करायचं असेल तर साध्या बी.ए.पेक्षा आयटीआयचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन जास्त कामाचा. आयटीआय म्हणजे शिक्षणाला पूर्णविराम, हाही गैरसमजच. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि तिथून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

‘संत्र्याचा बगीचा आहे, त्याला कशाला कॉलेज?’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. झाडाला ताण कधी द्यायचा, आंबिया बहार धरायचा की मृग, हे पोरगा बापाकडून शिकतो आणि तसंच शिकावं. पण डिंक्या लागून झाड वाळायला लागलं की फवारणीचा सल्ला औषधाच्या दुकानदाराकडून घ्यावा लागतो. व्यापारी उभा बगीचा नजरेनं मोजून सौदा करतो तेव्हा त्याचा आकडा बरोबर की चूक हे सांगणारं घरात कुणी नसतं. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथलं ज्ञान बगीच्यापर्यंत आणायला उद्यानविद्या किंवा कॉमर्स शिकलेला शेतकऱ्याचाच मुलगा हवा.

राहिला ‘एकदा सुटलं की सुटलं’ हा समज. मध्य प्रदेशात 2021-22 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू आहे. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी मिळते. इग्नू किंवा भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठासारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हेही विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. काम करत शिकणाऱ्याला आता हलकं लेखायचं कारण उरलेलं नाही.

म्हणून आईवडिलांना एक विनंती. निकालाची वाट न पाहता मूळ निवासी, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला काढून ठेवा, समग्र आयडीवरचं नाव मार्कशीटशी जुळतं का ते पाहा. आणि कॉलेजसाठी ई-प्रवेशचा अर्ज भरण्याआधी मुलीला, मुलाला समोर बसवून विचारा : तुला काम कोणतं करायचं आहे?