माणसे वाढली, काम लांबले!

पुण्यात १९८१ साली जन्मलेली ‘इन्फोसिस’ १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. इलेक्ट्रॉनिक्स सिटीच्या प्रशस्त आवारात जाण्यापूर्वी तिचे कार्यालय कोरमंगला भागात होते. याच कोरमंगलात २००७ साली सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोघांनी एका फ्लॅटमध्ये ‘फ्लिपकार्ट’ सुरू केली. माणसे दोन, म्हणजे बोलण्याचा धागा एकच. पाच माणसे झाली की असे धागे होतात १०, दहा झाली की ४५ आणि वीस झाली की तब्बल १९०! माणसे चौपट, धागे एकोणीसपट.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातली खरी डोकेदुखी इथेच आहे. काम मागे पडले की साहेब म्हणतात, ‘आणखी चार माणसे घ्या.’ लग्नघरात लाडू वळायला बायका वाढवल्या तर लाडू लवकर होतात, हे खरे. पण एकाच पातेल्यातला पाक बघायला सहा जणी बसवल्या तर? प्रोग्रामचे काम या पाकासारखे. नव्या माणसाला सगळे समजावून सांगावे लागते. ते सांगणार कोण? तर ज्याच्यापाशी काम अडले आहे, तोच! आयबीएमच्या ‘ओएस/३६०’ या अवाढव्य प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले, की रखडलेल्या कामावर माणसे वाढवली तर ते आणखी रखडते.

मग माणसे किती आणि महिने किती? बॅरी बोहेम यांनी ६३ प्रकल्प तपासून १९८१ मध्ये ‘कोकोमो’ हे सूत्र मांडले. त्यानुसार ३२ हजार ओळींच्या साध्या प्रोग्रामला सुमारे ९१ माणूस-महिने लागतात. म्हणून ९१ माणसे लावून तो महिन्यात होत नाही. सूत्र सांगते, सहा-सात माणसे आणि १४ महिने. लॉरेन्स पुटनम यांचे १९७८ चे सूत्र याहून कडक. मुदत दहा टक्क्यांनी घटवली की श्रम दीडपट, निम्मी केली तर सोळापट!

हे वाढीव श्रम मग रात्रीच्या जागरणांतून वसूल होतात. घरी ताट झाकून वाट पाहणाऱ्या आईला वाटते, पोराचाच हात संथ आहे की काय. पुष्कळदा त्याचा दोष नसतो. गिऱ्हाइकाला तारीख देणाऱ्याने हिशेबच मांडलेला नसतो.

अर्थात सूत्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ओळींचा अंदाज चुकला की पुढचे सारे चुकते. आणि न लिहिलेल्या ओळी आधी मोजायच्या कशा, हे कोणतेच सूत्र सांगत नाही.