एका जीआयएफमुळे व्हॉट्सॲप हॅक? काय असतं 'डबल फ्री'?

अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमध्ये २०१९ साली एक गंभीर त्रुटी उघड झाली. मुद्दाम बनवलेली जीआयएफ फोनमध्ये असेल आणि युजरने व्हॉट्सॲपमधून गॅलरी उघडली, तर हॅकरला आपला कोड चालवणं शक्य होतं. दोष होता जीआयएफ वाचणाऱ्या, सी भाषेतल्या एका ओपन सोर्स लायब्ररीत.

नेमकं काय घडत होतं?

सीमध्ये 'स्ट्रक्चर' म्हणजे संबंधित माहितीचा एक गठ्ठा. चित्राच्या पिक्सेलसाठी मात्र वेगळी मेमरी मागून घेतली जाते आणि स्ट्रक्चरमध्ये फक्त तिचा पत्ता, म्हणजे 'पॉइंटर' ठेवतात. काम झालं की ही मेमरी परत करायची, म्हणजे 'फ्री' करायची जबाबदारी प्रोग्रामरची.

इथे शून्य आकाराची फ्रेम आली की मेमरी फ्री व्हायची, पण पॉइंटर जुनाच पत्ता धरून बसायचा. पुढची फ्रेमही तशीच असेल, तर तीच मेमरी पुन्हा फ्री! लॉजची एकच खोली दोनदा 'रिकामी' नोंदवली, तर ती दोन गिऱ्हाइकांना दिली जाणारच. तसंच मेमरीचा एकच तुकडा दोन कामांना मिळायचा आणि हॅकरचा डेटा थेट स्ट्रक्चरवर लिहिला जायचा.

मग उपाय काय?

मेमरी फ्री केली की पॉइंटर लगेच 'नल' करायचा. नल पॉइंटर पुन्हा फ्री केला तरी काही बिघडत नाही. व्हॉट्सॲपने २.१९.२४४ या आवृत्तीत ही त्रुटी दूर केली. म्हणूनच ॲप अपडेटची सूचना टाळू नका.